आडेलाचा बाप कोण

हिल्ट्रुड गेर्बिग त्या शनिवारी सकाळी एकतिसाव्यांदा नवरी होत होती. वय अठ्ठावन्न. हिरव्या सॅटिनच्या झग्याचे पाठीवरचे हूक काही केल्या लागेनात, कारण झगा होता १९७५ सालचा आणि ती होती २००५ सालची. एका हातानं शेवटचा हूक ओढत, पोट आत घेऊन, श्वास रोखून ती आरशासमोर उभी होती. तेवढ्यात फोन वाजला.

"गेर्बिगबाई? मी द्राक्ष-संशोधन संस्थेतून बोलतेय." बाई चाचरत होत्या. "तुम्ही बसलेल्या आहात ना?"

"या झग्यात बसता येत नाही. बोला."

"निकाल मंगळवारीच पाठवला. तुमच्या महापौरबाईंकडे, सीलबंद. तुमच्या वडिलांनी तसंच हवं म्हणून तीन पत्रं लिहिली होती. पण मला राहवेना. तुमच्या आडेला द्राक्षाची आई सिल्वानर आहे, त्यात शंकाच नाही."

"आणि बाप रीसलिंग."

"नाही."

हिल्ट्रुडनं फोन या कानावरून त्या कानावर घेतला. त्या कानाला तरी वेगळं ऐकू येईल अशी तिला आशा होती.

"गुटेडेल," बाई म्हणाल्या. "खायचं द्राक्ष हो, लोक घराच्या भिंतीवर चढवतात ते. आम्ही तीनदा तपासलं. तुमच्याकडे आहे का कुठे आसपास?"

हिल्ट्रुडनं खिडकीबाहेर पाहिलं. अंगण, अंगणाच्या टोकाला भिंत, भिंतीपलीकडे शेजारच्या श्नाबेलांचा जुना, बंद पडलेला संडास. आणि त्या संडासाला चारी बाजूंनी मिठी मारून बसलेली, पिवळ्या घोसांनी लगडलेली, अख्ख्या गावातली एकुलती एक गुटेडेलची वेल.

"असावी बहुतेक," ती म्हणाली, आणि हूक तुटला.

मुकेलहाइम गावावर याहून मोठं संकट येऊच शकत नव्हतं. पूर आले होते, लढाया आल्या होत्या, पण आडेलाच्या खानदानावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. हिल्ट्रुडचे आजोबा फिलिप गेर्बिग यांनी १९२९ च्या जूनमध्ये घरामागच्या सिल्वानरच्या वेलीवरचे चार घोस निवडले होते. द्राक्षाचं फूल साबुदाण्याएवढंसुद्धा नसतं, आणि त्यात नर-मादी एकत्रच नांदतात. फिलिपनं डोळ्याला भिंग लावून, चिमट्यानं, प्रत्येक कळीतले पुंकेसर उमलायच्या आधीच उपटून काढले. मग घोसांवर कागदी पिशव्या चढवल्या, दोऱ्यानं गच्च बांधल्या. चार दिवसांनी टेकडीवरच्या रीसलिंगचे पराग गोळ्यांच्या डबीत भरून आणले, पिशव्या उघडल्या, मऊ कुंचल्यानं नवरीला हळद लावावी तसे लावले, आणि पिशव्या पुन्हा बंद. त्यातून निघालेल्या बियांची साठ रोपं झाली. एकोणसाठ टाकाऊ निघाली. साठाव्याला त्यानं बायकोचं नाव दिलं, आडेला.

आडेलाची वाइन लवकर तयार होते, तिला फुलांचा वास येतो, आणि ती चढतेय हे दुसऱ्या पेल्यापर्यंत कळत नाही, तिसऱ्यानंतर कळून उपयोग नसतो. या एका द्राक्षावर गावाची शाळा रंगली, चर्चचं छप्पर झालं, आणि १९५४ पासून दर सप्टेंबरात चौकात लग्न लागू लागलं. सिल्वानर नवरी, रीसलिंग नवरा. नवरी हिल्ट्रुड, कारण तरुण पोरी तो झगा घालायला तयार नव्हत्या. नवरा गेर्बिगांच्या गोतावळ्यातलाच कुणीतरी. आणि ऐन लग्नात घुसून वाटाण्यांचा मारा करणारी, मग गावाकडून झाडूचा मार खाणारी गारपीट? ते काम श्नाबेलांचं. पात्रं हिल्ट्रुडच्या वडिलांनी, ओटमार गेर्बिगांनी वाटली होती. श्नाबेलांच्या वेलीची पानं दर शरदात गेर्बिगांच्या अंगणात पडत, गेर्बिग ती झाडून भिंतीपलीकडे फेकत, आणि यापलीकडे दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. श्नाबेलांच्या तीन पिढ्यांनी निमूट झाडू खाल्ले होते.

ओटमार आता चौऱ्याऐंशीचे होते. वसंतात शेजारच्या गावच्या कुणा चोखंदळ गृहस्थानं जिल्ह्याच्या पेपरात लिहिलं, की आडेलात रीसलिंगचा मागमूसही लागत नाही. ओटमारनी पेपर चुलीत घातला. मग म्हणाले, "पानं पाठवा तपासायला. आणि निकाल चौकात वाचा, सगळ्यांसमोर, माझ्यासमोर. आधी कुणी पाकीट फोडलं तर मी त्याचं डोकं फोडीन."

आता या पाकिटात हिल्ट्रुडचं स्वतःचंही काही अडकलं होतं. भिंतीपलीकडचा फोल्कमार श्नाबेल, वय एकसष्ट, विधुर, पिंपं दुरुस्त करणारा, यंदाचीही गारपीट. तिचा आणि त्याचा तीन वर्षांपासून भिंतीला लावलेल्या शिडीवरून संसार चालला होता. आधी कांद्याची रोपं गेली, मग सूप गेलं, मग शिडी चढून ती स्वतःच गेली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. ओटमारना आज सांगायचं होतं, उत्सव संपल्यावर, कारण वर्षातून तेवढेच दोन तास म्हातारा खुशीत असे. आणि वडिलांच्या आशीर्वादाशिवाय हिल्ट्रुडला ते घर सोडायचं नव्हतं. हे ती फोल्कमारला सांगताना रडली होती, त्यामुळे त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

तुटलेल्या हुकाच्या जागी ब्रोच खोचून, झगा गुडघ्यापर्यंत उचलून ती शिडी चढली. फोल्कमार अंगणात करड्या चादरीला भोकं पाडत बसला होता.

"लवकर आलीस. गारा अजून भिजल्याही नाहीत," वाटाण्याच्या पोत्याकडे बोट दाखवत तो म्हणाला.

"गप्प बस आणि ऐक. आडेलाचा बाप रीसलिंग नाहीये."

"मग?"

तिनं संडासाकडे बोट केलं.

फोल्कमारनं संडासाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा संडासाकडे. त्याच्या तोंडातून आधी बारीक शिट्टीसारखा आवाज आला, मग तो बादलीवरून घसरला आणि जमिनीवर लोळून हसायला लागला.

"आमच्या... आमच्या आजोबांच्या... अगं, आजोबा तिथे पेपर वाचत बसायचे गं!"

"हसू नकोस! पप्पा खचतील, फोल्कमार. खचले नाहीत तर पेटतील. त्यांना वाटेल श्नाबेलांनी सात पिढ्यांचा सूड घेतला. मग मी कुठल्या तोंडानं तुझं नाव काढू?"

तो उठून बसला. तिचा चेहरा पाहून त्याचं हसू ओसरलं, पूर्ण नाही, पण बरंचसं.

"पाकीट कधी फोडणार?"

"शपथांच्या आधी. महापौर रोझविटा वाचणार."

"मग यंदा गारा शपथांच्या आधीच पडतील," फोल्कमार म्हणाला. "निसर्ग आहे बाबा, त्याला कोण विचारतं? मी येतो, पाकीट उचलतो, कारंज्यात बुडवतो. दुसरा निकाल यायला दोन महिने लागतील. तोवर आपलं लग्न झालेलं असेल."

हिल्ट्रुडला हा बेत एकदम शहाणपणाचा वाटला. यावरून तिची त्या सकाळी काय अवस्था होती ते समजावं.

दुपारी दोनला चौक तुडुंब भरला होता. आडेलाच्या अर्धवट आंबलेल्या गढूळ नव्या रसाचं भलं मोठं तांब्याचं पातेलं मधोमध मांडलं होतं, आणि लोक पळीनं पेले भरत होते. कांद्याच्या केकचा वास सुटला होता. मंचावर नवरदेव उभा होता: हिल्ट्रुडचा चुलतभाऊ एगोन, खाटीक, एकशे तीस किलो, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. पहिल्या रांगेत ओटमार, कडक कॉलर, हातात काठी, गुडघ्यावर टोपी.

"पप्पा, बरं वाटतंय ना?" हिल्ट्रुडनं वाकून विचारलं.

"मला काय धाड भरलीय? तू तुझा झगा सांभाळ. मागून सगळं दिसतंय."

महापौर रोझविटा क्लेमबाईंनी पाकीट उंच धरलं. "मित्रहो, आज विज्ञान आपल्या गावात आलंय!"

"त्याला आधी प्यायला द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंनी पाकिटाच्या कडेला नख लावलं, आणि त्याच क्षणी बेकरीच्या गल्लीतून करडी चादर उधळत, डोक्याला पत्र्याचं घमेलं बांधलेली गारपीट किंचाळत मंचावर कोसळली. वाटाणे सुटले. बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं, वही चार पानं पुढे उलटली आणि गारांचं संचलनगीत दणक्यात सुरू केलं. गावकऱ्यांना वाटलं आपण पेंगलो असू, मधलं काही निसटलं असेल. त्यांनी झाडू उचलले.

"अहो, इतक्यात नाही!" रोझविटाबाई ओरडल्या. "श्नाबेल! तुमची वेळ साडेतीनची आहे!"

फोल्कमारनं त्यांच्या हातातलं पाकीट हिसकलं आणि धूम ठोकली. एगोन खाटीक त्याच्यामागे निघाला, दुसऱ्याच पावलाला वाटाण्यांवरून त्याचा पाय सटकला, आणि रीसलिंग महाराज बसल्या बसल्या मंचावरून घसरत कांद्याच्या केकच्या टेबलापर्यंत पोचले. टेबल त्यांना भेटायला खाली आलं. चौकात हशा पिकला. फोल्कमार कारंज्याकडे पळत होता, त्याच्यामागे सहा झाडू, झाडूंमागे हिल्ट्रुड. ती पाठलाग करतेय असं दिसत होतं, पण प्रत्यक्षात जो झाडू जवळ पोचेल त्याच्या आडवी जात होती.

"सरक की गं, नवरी!" पोस्टमास्तरीणबाई कावल्या. "तू कुणाच्या बाजूची?"

"माझ्या पायात झगा येतोय!"

कारंज्यावर अग्निशमन दलाचे चौघे जण पाय सोडून बसले होते. फोल्कमारला वाट मिळेना. त्यानं वळून हिल्ट्रुडकडे पाहिलं, "घे!" म्हणाला आणि पाकीट भिरकावलं. पाकीट तिच्या हाताला लागलं, उसळलं आणि नव्या रसाच्या पातेल्यात चपकन पडलं.

देव पावला, असं हिल्ट्रुडला वाटलं. ते दोन सेकंद टिकलं. पळी धरून बसलेल्या बाईनं सवयीनं पळी घातली आणि पाकीट वर काढलं.

"द्या इकडे," ओटमार म्हणाले.

आवाज मोठा नव्हता, पण बँड थांबला. म्हातारा काठी टेकत पातेल्यापर्यंत आला होता.

"पप्पा, ओलं झालंय. काही वाचता येणार नाही."

"ते मला ठरवू दे, ट्रुडी."

त्यांनी पाकीट फाडलं. संस्थेनं निकाल यंत्रावर छापला होता. आडेलात बुडूनसुद्धा तो पूर्ण शुद्धीवर होता. ओटमारनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं वाचायला लागले.

"वाण, आडेला. माता, सिल्वानर." टाळ्या पडल्या. त्यांनी हात वर करून त्या थांबवल्या. "पिता..."

त्यांनी कागद आणखी लांब धरला. हे सगळं मी सकाळीच त्यांच्या खोलीत जाऊन, त्यांच्या शेजारी बसून का नाही सांगितलं, म्हणून हिल्ट्रुडला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"पिता, गुटेडेल," ओटमार म्हणाले.

गावात गुटेडेल एकच. चौकातली सगळी डोकी आधी गल्लीकडे वळली, मग घमेलं डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या फोल्कमारकडे. एगोनच्या मांडीवरून केकचा एक तुकडा खाली पडला.

ओटमार पातेल्याच्या कडेला टेकले. "म्हणजे मीच," ते म्हणाले.

"काय मीच, पप्पा?"

"रविवार होता. सगळे प्रार्थनेला गेले होते, मला गोवर होता म्हणून घरी ठेवलेलं. आठ वर्षांचा होतो. बाबा रोज म्हणायचे, पिशवीत नवरी आहे, कुणी हात लावायचा नाही. मला नवरी बघायची होती गं. मी दोरा सोडला. आत डोकावलो. काही नव्हतं, नुसते हिरवे टिपके. वारा सुटला होता, पलीकडून त्या वेलीचा धुरळा येत होता, मला शिंकसुद्धा आली. मग घाबरून पिशवी पुन्हा बांधली, गाठ मात्र बाबांसारखी जमेना." त्यांनी नाक पुसलं. "श्नाबेलांची वेल उन्हाच्या भिंतीवर. रीसलिंगच्या चार दिवस आधी फुललेली. बाबा कुंचला घेऊन येईपर्यंत सगळं उरकलं होतं."

"आणि तुम्ही शहात्तर वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला सांगू? बाबांनी आईचं नाव दिलं होतं त्या वेलीला! मी चौकात लग्नं लावली, रीसलिंगच्या नावानं भाषणं ठोकली, आणि दर वेळी वाटायचं, की आपण काहीतरी बिघडवून ठेवलंय. खरं असेल तर मरायच्या आधी ऐकायचं होतं, आणि तोंड लपवायला जागा नको म्हणून सगळ्यांसमोर."

"पण बिघडलं कुठे, ओटमार?" मागून बेकरीवाल्या आजी ओरडल्या. "तुम्ही पिशवी उघडली नसती तर आम्ही आज काय प्यायलो असतो?"

प्रत्येकानं आपापल्या पेल्यात पाहिलं. आणि मग ओटमारच पहिल्यांदा हसले. आधी खांदे हलले, मग कॉलरचं बटण उडालं, मग त्यांचं हसणं त्यांच्या स्वतःच्याच आवाक्यात राहिलं नाही. अग्निशमन दलाचा एक जण हसता हसता कारंज्यात पडला. रोझविटाबाई माइकमध्ये उचक्या देत होत्या. एगोननं मुकुट काढला, त्यातला केक झटकला, आणि "मी पंधरा वर्षं उगाच पोट आवळलं" म्हणत उरलेला केक खायला बसला.

"चला," ओटमार काठी आपटत म्हणाले. "व्याह्यांकडे जायला हवं."

चौऱ्याऐंशी वर्षांत त्यांनी श्नाबेलांच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. आता बँड पुढे, त्यामागे ओटमार, त्यांच्या एका बाजूला नवरी, दुसऱ्या बाजूला गारपीट, मागे झाडूंसकट अख्खं गाव, असे सगळे गल्लीतून निघाले. पेले कुणी खाली ठेवले नाहीत. फाटकात गर्दी मावेना म्हणून पोरं भिंतीवर चढली, बाकीचे हिल्ट्रुडच्या अंगणात शिरले, आणि शिडी पाहून पोस्टमास्तरीणबाईंच्या भुवया कपाळात गेल्या.

संडासासमोर ओटमारनी टोपी काढली. बँडनं काय वाजवावं ते न कळून राष्ट्रगीतासारखं काहीतरी संथ सुरू केलं.

"एवढीशी होती," ओटमार म्हणाले. त्यांनी एक पिवळा मणी तोडला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळला. "काही दम नाही हिच्यात. नुसतं गोड पाणी." दुसरा तोडला. तिसरा. मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले, आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

हिल्ट्रुडनं फोल्कमारकडे पाहिलं. आत्ता नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही एकदमच कळलं. फोल्कमारनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं. चादरीच्या घड्यांतून वाटाणे गळत होते.

"गेर्बिगसाहेब," तो म्हणाला. "मला तुमच्याकडे एक मागायचंय. हिल्ट्रुडचा हात. नाटकातला नाही, खराच. तुमची परवानगी असेल तर."

ओटमारनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग भिंतीवरून डोकावणाऱ्या शिडीच्या टोकाकडे. हिल्ट्रुडनं त्यांचा हात घट्ट धरला होता. तिला एकदम आठ वर्षांची झाल्यासारखं वाटत होतं.

"या अंगणातून आमच्याकडे जे आलं," ओटमार सावकाश म्हणाले, "ते आजवर न विचारताच आलं. आणि त्यावर आम्ही सगळे जगलो." त्यांनी लेकीचा हात आपल्या हातातून सोडवला आणि फोल्कमारच्या हातात दिला. "विचारणारा तू पहिलाच. तुला नाही कसं म्हणू?"